सभेत बोललेलं आणि बुकात लिहिलेलं

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात महत्त्वाचा विषय कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, विषय क्रमांक एक. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ हा विषय पुकारला जातो तेव्हा निम्मे नगरसेवक अजून जिन्यात असतात, उरलेल्यांपुढे चहा येत असतो, आणि कुणीतरी मान वर न करताच ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं. अर्ध्या मिनिटात कारभार संपतो. पत्रकार तोवर पेनाचं टोपणसुद्धा काढत नाहीत.

मी सभा शाखेत लिपिक होते, तिथूनच निवृत्त झाले. गाव कृष्णाकाठचं आहे एवढंच सांगते, नाव कशाला. ब वर्ग नगरपरिषद, म्हणजे चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत वस्ती. सभागृहात व्यासपीठाच्या खाली एक छोटं टेबल असतं, तिथं मी बसायचे. वर नगराध्यक्ष, शेजारी मुख्याधिकारी, समोर नगरसेवक, आणि पार मागे प्रेक्षकांच्या बाकांवर चार-दोन माणसं. त्यांत एक-दोन नगरसेविकांचे यजमान ठरलेले. महिलांना पन्नास टक्के आरक्षण आलं, पण यजमानांना घरी बसवण्याची तरतूद काही कायद्यात नव्हती. ते मागून खाणाखुणा करायचे, हात वर कर, खाली कर. मी त्या लिहिल्या नाहीत. इतिवृत्तात खुणांना रकाना नसतो.

सभा म्हणजे आधी नोटीस. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेला तीन. नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडून मोजायचे. आमचा शिपाई पोचबुक घेऊन सायकलवर घरोघर फिरायचा. ज्यांना सभा होऊच द्यायची नाही ते नेमके त्या दिवशी परगावी गेलेले असायचे. मग दाराला नोटीस डकवा, दोन पंचांच्या सह्या घ्या. एकदा ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणून एका सदस्यांची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. पोचबुक उघडलं तर त्यांच्या वहिनींची ठसठशीत सही! शिपायानं त्या दिवशी सगळ्या कचेरीला भजी चारली.

सभेतली शोकप्रस्ताव आणि अभिनंदनाची पहिली पंधरा मिनिटं सोडून देते. तिथं सगळे पक्ष एक असतात.

पुढे खरी मजा सुरू होते ती सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांवरून. प्रत्येक ठरावाखाली ही दोन नावं लागतात. एखाद्या चौकाला नाव द्यायचं असलं, उद्यानात पुतळा बसवायचा असला, की सूचक व्हायला झुंबड. “बाई, माझं नाव आधी घ्या, मी आधी हात वर केलाय.” अनुमोदक म्हणून एकाच ठरावाखाली सात-सात नावं लिहिलेली आहेत मी. पण पाणीपट्टी वाढवायची असली, किंवा चार वर्षांनी होणारी घरपट्टीची फेरआकारणी पुढ्यात आली, की सभागृहात सगळ्यांना एकदम फोन येतात. मुख्याधिकारी सांगून थकायचे की पाणी योजनेचं वीजबिल वसुलीच्या किती वर गेलंय. सगळ्यांना ते ठाऊक असायचं, पण सूचक मिळायचा नाही. शेवटी एखादे नामनिर्देशित सदस्य पुढं सरकवले जायचे. त्यांना वॉर्ड नाही, मतदार नाहीत. मतदानाचा हक्कही नाही, त्यामुळे सूचक म्हणून ते चालतात का यावर पुन्हा वाद. तो विषय ‘पुढील सभेत घेण्यात यावा’ म्हणून जायचा आणि पुढच्या सभेतही तसाच जायचा.

सभा संपली की माझं काम सुरू व्हायचं. कच्च्या वहीतल्या खरडीवरून पक्कं इतिवृत्त करायचं, पानांना क्रमांक घातलेल्या बुकात. ते दोन-चार दिवस शाखेत वर्दळ असायची. सभेत टेबल आपटून, पत्रकारांकडे बघत विरोध केलेले गृहस्थ हळूच यायचे, “बाई, ते विरोधाचं जरा… गटनेत्यांनी सांगितलंय, सर्वानुमतेच घ्या.” दुसरे एक, सभेत तोंडातून शब्द न काढलेले, यायचे आणि म्हणायचे, “माझा तीव्र विरोध नोंदवलाय न्हवं?” मी म्हणायचे, दादा, सभेत बोलला असता तर लिहिला असता. त्यावर त्यांचं उत्तर असायचं, “मनातनं होताच की.”

हसण्यावारी नेलं तरी हा सगळा आटापिटा कशासाठी होता हे त्यांना पक्कं माहीत होतं. सभेतला आरडाओरडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यावर वडापाव बांधला जातो. लेखापरीक्षक येतात तेव्हा, कोर्टात दावा पडतो तेव्हा, जिल्हाधिकाऱ्यांपुढे कलम ३०८ खाली ठराव स्थगित करायचा अर्ज येतो तेव्हा, मागवलं जातं ते बुक. बुकात जे नाही ते सभेत घडलंच नाही.

त्यातही ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ नावाचा एक भाग शेवटी असतो. खरोखर ऐनवेळी उद्भवलेलं काही असावं, पूर आला, जलवाहिनी फुटली, म्हणून तो आहे. पण जी गोष्ट सात दिवस आधी घरोघर पोचू नये असं कुणाला तरी वाटतं, तीही नेमकी ऐनवेळीच उद्भवते. दुपारचे तीन वाजून गेलेले असतात, सदस्य उठायच्या तयारीत, आणि कागद वाचला जातो.

असाच एक कागद मला चांगला आठवतो. ‘सर्व्हे नंबर अमुक मधील आरक्षण क्रमांक अमुक बाबत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ३७ अन्वये फेरबदलाची कार्यवाही करणे.’ वाचून होईतो दोन-तीन ‘मंजूर’ येऊनही गेले. भाजी मंडईत बसणाऱ्या एक नगरसेविका होत्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्या उभ्या राहिल्या.

“ही जागा म्हंजी नेमकी कुटली?”

कुणी बोलेना. नगररचनाकडचे अभियंते फाईल चाळू लागले. गटनेते म्हणाले, “ताई, तांत्रिक विषय आहे, नंतर समजावून सांगतो.”

“नंतर कशाला, आत्ताच सांगा की. सर्व्हे नंबर काय मला कळंना, पर जागा दावली तर कळंल.”

मग सांगावं लागलं. गावच्या पोरांचं क्रिकेट जिथं चालतं ते पटांगण. विकास आराखड्यात ते क्रीडांगण म्हणून आरक्षित होतं आणि ते आरक्षण उठवून जागा निवासी करायची होती. सभागृह जागं झालं. अर्धा तास गोंधळ झाला, मतदान झालं, आणि बहुमताने ठराव मंजूरही झाला. पण बाई मागे हटल्या नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “माझं न्हाई म्हणून लिवा. आन का न्हाई त्ये बी लिवा.” मी लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी नोटीसमध्ये नसलेला विषय म्हणून आपला अभिप्राय दिला होता, तोही लिहिला. इतिवृत्तावर सही करायच्या वेळी मला तो परिच्छेद ‘संक्षिप्त’ करायला सुचवण्यात आलं. मी म्हटलं, कच्ची वही आहे, ध्वनिमुद्रण आहे, दोन्ही मागवा आणि मग सांगा. कुणी मागवलं नाही.

आता कलम ३७ चा फेरबदल म्हणजे ठराव झाला की काम झालं, असं नसतं. हरकती-सूचनांसाठी जाहीर सूचना काढावी लागते, लोकांना महिनाभर मुदत असते, सुनावणी होते, मग प्रस्ताव शासनाकडे. हरकत घ्यायला गावातली जी माणसं आली, त्यांच्या हातात त्या परिच्छेदाची नक्कल होती. प्रस्ताव पुढं सरकला नाही. पोरांचा चेंडू अजूनही शेजारच्या बंगल्याच्या काचेवर बसतो, आणि त्याची तक्रारही नगरपरिषदेतच येते.

शाखेत नवीन लागलेली मुलं विचारायची, बहुमतानं मंजूर होणारच असेल तर एकट्याचा विरोध लिहून काय मिळतं? मी त्यांना पुणे नगरपालिकेचं सांगायचे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं तिथं सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या निमित्तानं हजार रुपये खर्चायचा विषय आला, आणि एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. बाकी सगळे बाजूनं. त्या हजार रुपयांच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांतली किती नावं आज लोकांना सांगता येतील?

आणि दुसरं महाडचं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, प्रत्यक्षात तिथं कुणाची ओंजळ पोचली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले ते आधीच झालेल्या ठरावाची अंमलबजावणी करायला, असं मी एका सभा लिपिकाच्या नजरेनं म्हणते. ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, कोर्टबाजी झाली, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. केलेला ठराव आणि फिरवलेला ठराव दोन्ही कागदावर राहिले, म्हणून आज कुणाला ‘असं काही झालंच नव्हतं’ म्हणता येत नाही. आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “म्हणजे मॅडम, अंमलबजावणीचा प्रश्न तेव्हापासनं पेंडिंग आहे.” हुशार होता. पुढे तलाठ्याची परीक्षा पास होऊन गेला.

माझी नोकरीची शेवटची वर्षं मात्र फार कंटाळवाणी गेली. २०२१-२२ च्या आगेमागे बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबतच राहिल्या, कधी ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, कधी प्रभागरचना. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी असं राज्यघटनेत आहे, तरी वर्षांमागून वर्षं प्रशासक. आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून टिपणी ठेवायची, प्रशासक म्हणून ठराव करायचा, आणि पुन्हा मुख्याधिकारी म्हणून तो अमलात आणायचा. माणूस सरळ होता, काम झरझर व्हायचं. निविदा अडायच्या नाहीत, रस्ते वेळेत. लोक म्हणायचेही, नगरसेवक नाहीत तेच बरं. मला ते कधी पटलं नाही. बुकात पानंच्या पानं भरायची, पण एका तरी ठरावाखाली ‘ही जागा म्हणजे नेमकी कुठली?’ असं विचारलेलं सापडायचं नाही. विचारणार कोण, आणि कुणाला?

२ डिसेंबर २०२५ ला एकदाचं मतदान झालं. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची ती कोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरवर गेली, तोवर गावात पैजा लावून लावून लोक थकले. नगराध्यक्ष थेट जनतेतून असल्यामुळे आमच्याकडे नगराध्यक्ष एका बाजूचे आणि बहुमत दुसऱ्या बाजूचं, असं झालंय. २०१६ च्या निवडणुकीनंतर पुष्कळ गावांनी हा प्रकार बघितला आहे. असं झालं की खरी लढाई विषयपत्रिकेवर होते. विषय कुठला घ्यायचा ते अध्यक्षांच्या हातात, मंजूर करायचा की नाही ते बहुमताच्या. आणि शेवटी इतिवृत्तावरच्या सहीवर होते.

नव्या सभागृहाची पहिली सर्वसाधारण सभा मी प्रेक्षकांच्या बाकावरून बघितली. विषय क्रमांक एक पुकारला गेला. चहा आला, ‘मंजूर’ आलं. तेवढ्यात एक तरुण नगरसेवक उठला, आयटीआय केलेला, गॅरेजवाला. म्हणाला, “अध्यक्ष महोदय, मागच्या सभेला मी नव्हतो, हे कुणीच नव्हते. मागची सभा एकट्या प्रशासकांची. मग ते इतिवृत्त आम्ही कायम कसं करायचं? आधी वाचायला तरी द्या.” सभागृह हसलं. मुख्याधिकारी म्हणाले, ही तांत्रिक बाब आहे. पोरगा खाली बसला नाही. शेवटी त्याला प्रत द्यायचं ठरलं आणि विषय तहकूब झाला. मी टाळी वाजवणार होते, पण प्रेक्षकांना ती मुभा नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी नागरिक म्हणून रीतसर नकलेचा अर्ज केला. आपणही करू शकता, फी किरकोळ असते. इतिवृत्त हातात आलं की मोठे ठराव नंतर वाचा. आधी ऐनवेळचे विषय बघा, मग सूचक कोण ते, आणि ‘सविस्तर चर्चेअंती’ असं जिथं लिहिलंय तिथं चर्चेतलं एक तरी वाक्य उतरवलंय का ते. मला त्या गॅरेजवाल्याचं बोलणं कसं लिहिलंय ते बघायचं होतं. माझ्या जागेवर आता एक मुलगी आहे, नीटनेटकी, संगणकावर थेट टंकते. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“बाई, लिहून तयार आहे,” ती म्हणाली, “पण सही व्हायची आहे अजून. साहेब म्हणतात अध्यक्षांची आधी, अध्यक्ष म्हणतात थोडं संक्षिप्त करा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, रेकॉर्डिंग लावू का?”