ब्लेअरचा किल्ला: भाऊबंदकी स्कॉटिश पद्धतीची

एडिंबरोहून ट्रेनने साधारण दोन तासांत ब्लेअर अ‍ॅथलला उतरलो. स्टेशनपासून किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटांवर. समोर येतो तो पांढराशुभ्र, बुरूज-कळसांचा वाडा. त्याचा सगळ्यात जुना बुरूज 1269 चा, तोही शेजाऱ्याने बांधलेला. अ‍ॅथलचा अर्ल धर्मयुद्धावर गेलेला पाहून कमिन नावाच्या शेजाऱ्याने थेट त्याच्या जमिनीत बांधकाम काढलं. बांधाचं भांडण काय फक्त आपल्याकडेच असतं!

आत जाण्याआधी किल्ल्याच्या पिढीजात धन्यांची, म्हणजे अ‍ॅथलचे ड्यूक असलेल्या मरी घराण्याची वंशावळ कागदावर काढून घ्या. मी आळस केला आणि चित्रांच्या जिन्यातच गडबडलो. आजवरच्या बारा ड्यूकांपैकी सात जण जॉन, आणि दहाव्याचं इअन म्हणजे गेलिकमधला जॉनच! म्हणून नावं सोडा, क्रमांक धरा. त्याच जिन्यात पहिला मार्क्विस (ड्यूकच्या खालोखालचा किताब; नाव अर्थात जॉन) चक्क ज्युलियस सीझरच्या वेशात उभा आहे. तिथे पाचेक मिनिटं थांबाच.

खरी गोष्ट पहिल्या ड्यूकच्या तीन मुलांची. थोरला विल्यम 1715 च्या बंडात स्टुअर्टांच्या, म्हणजे गादी गमावलेल्या राजघराण्याच्या बाजूने गेला आणि वारसाहक्काला मुकला. ड्यूकपद धाकट्या जेम्सकडे गेलं, तो लंडनच्या राजाशी एकनिष्ठ. 1745 साली विल्यम स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सबरोबर परतला आणि तिसरा भाऊ, लॉर्ड जॉर्ज, बंडखोर फौजेचा एक सेनापती झाला. मार्च 1746 मध्ये ब्लेअरमध्ये सरकारी शिबंदी होती, तेव्हा जॉर्जने आपल्याच वडिलोपार्जित घराला वेढा घातला आणि छपरावर तापवून लाल केलेले गोळे डागले. किल्ला पडला नाही. ब्रिटनमधला किल्ल्याचा शेवटचा वेढा म्हणून तो सांगितला जातो. पुढच्याच महिन्यात कलोडनच्या लढाईत बंडखोर हरले आणि सगळं संपलं. विल्यम टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मेला, जॉर्ज 1760 मध्ये हॉलंडमध्ये परागंदा अवस्थेत. जेम्सला मुलगा नव्हता. 1764 मध्ये तिसरा ड्यूक झाला तो याच बंडखोर जॉर्जचा मुलगा, जेम्सचा पुतण्या आणि जावईसुद्धा. चुलत बहिणीशी लग्न ऐकून आपल्या भुवया उंचावतात, तिथे त्यानेच घर सांधलं.

दहावा ड्यूक 1996 मध्ये अविवाहित वारला. आपल्या संस्थानांत दत्तक घेतला असता, पण तिकडे दत्तकाला असा किताब मिळत नाही. किताब गेला दक्षिण आफ्रिकेतल्या दूरच्या भाऊबंदाकडे, आणि किल्ला विश्वस्त निधीकडे. ड्यूकची खासगी पलटण, अ‍ॅथल हायलँडर्स, अजून आहे; तिला निशाणं दिली व्हिक्टोरिया राणीने, 1845 मध्ये. मेअखेरीस तिचं संचलन असतं. ते पाहायचं तर मुक्काम फार आधी ठरवा.

हिवाळ्यात किल्ला बहुतेक बंद असतो, तारखा बघूनच निघा. आत जिने फार आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर घाई नको. नंतर आवारातल्या सेंट ब्राइडच्या छप्पर नसलेल्या चर्चपर्यंत जा. 1689 मध्ये किलीक्रँकीची लढाई जिंकता जिंकता मेलेला स्टुअर्टांचा सेनानी बॉनी डंडी तिथे पुरलेला आहे. वाट ओली असते, मी कॅनव्हासचे बूट घालून पस्तावलो.

आणि परतीच्या गाडीची वेळ आधी टिपून ठेवा. गाड्या मोजक्याच. माझी चार मिनिटांनी चुकली, पुढची दोन तासांनी. फलाटावर बसून शेवटी वंशावळ काढली.