स्तंभांची नावे आधी तपासावीत

ऐरोलीच्या आमच्या कार्यालयात वाशी, तुर्भे आणि ठाण्याच्या शाखांकडून दरमहा हजेरीच्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) येतात. त्यातील रकमा आणि तारखा तपासण्याआधी आम्ही स्तंभांची नावे पडताळतो, कारण नावच जुळत नसेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या निरर्थक ठरतात.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष नावांचे दोन संच करून दोन्ही बाजूंची वजाबाकी केली की कोणता स्तंभ गहाळ आहे आणि कोणता जादा आहे, हे एकाच संदेशात सांगता येते. पहिल्याच चुकीवर थांबणारा प्रोग्रॅम मला तरी अर्धवट वाटतो. मात्र संचात एकाच नावाची पुनरावृत्ती दिसत नाही, म्हणून ती वेगळी मोजावी.

खरी डोकेदुखी न दिसणाऱ्या अक्षरांची असते. एक्सेलमधून ‘सीएसव्ही युटीएफ-८’ म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी बॉम हे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ओळखण्यासाठीचे अदृश्य चिन्ह असते आणि ते पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील, कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या स्ट्रिपने निघत नाही. त्यासाठी फाइल ‘युटीएफ-८-सिग’ या एन्कोडिंगने उघडावी लागते. मराठी शीर्षकांत आणखी एक गंमत आहे: ‘कर्मचाऱ्याचे नाव’ यातील अर्धा र कोणी ऱ या स्वतंत्र अक्षराने टंकतो, तर कोणी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी तुलना फसते आणि युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) ती जुळत नाही. म्हणून या दोनपैकी एक रूप आम्ही तुलनेपूर्वी स्वतंत्रपणे दुसऱ्यात बदलून घेतो, पण त्रुटीसंदेशात मात्र शाखेने पाठवलेले मूळ नावच छापतो.