आबांनी पॅटन घासायला लावला

माझा धंदा बिल्डरांच्या मॉडेलचा. लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या माळ्यावर गाळा आहे. तिथे आम्ही चाळीस मजली टॉवर गुडघ्याच्या उंचीचे करतो, हिरवीगार झाडं लावतो, निळा स्विमिंग पूल ओततो. त्या मॉडेलमध्ये सगळं गुळगुळीत लागतं. भिंतीला पोपडा नाही, रस्त्यावर खड्डा नाही. मुंबईत असं काही नसतं हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, पण पैसे तो त्याचेच देतो.

रणगाड्यांची मॉडेलं हा माझा जोडधंदा, खरं म्हणजे हौस. त्यात उलटं. किटमधून निघालेलं प्लास्टिक साबणाच्या वडीसारखं असतं, आणि त्याला खडबडीत करण्यातच निम्मा वेळ जातो. मागे एक जर्मन पँथर केला होता. 1943 च्या अखेरीपासून 1944 च्या सप्टेंबरपर्यंत जर्मन लोक कारखान्यातच रणगाड्यांवर झिमेरिट नावाचा खडबडीत लेप थापत. शत्रूचा चुंबकी सुरुंग पोलादाला चिकटू नये म्हणून. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, लाकडाचा भुसा, वगैरे. शेजारच्या गाळ्यातल्या सुताराला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे फेविकॉल आणि भुसाच की! आम्ही तर भेगा भरायला रोज वापरतो.’ चुकीचं नव्हतं त्याचं.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. शिवाजी पार्कला राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी पॅटन रणगाड्याचं मॉडेल सांगितलं होतं. एम-48, 1:35, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, असल उत्तरच्या शेतात रुतलेला. सप्टेंबर 1965 मध्ये, 8 ते 10 तारखेच्या दरम्यान, खेमकरणजवळ आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन उसात आणि चिखलात अडकले, हे आपण शाळेपासून ऐकतो. हवालदार अब्दुल हमीद लढले ते तिथेच. कर्नलसाहेबांची नोकरी त्या युद्धानंतर सुरू झाली, पण प्रशिक्षण नगरला झालेलं, आणि पकडून आणलेल्या पॅटनवर चढायला त्यांना मिळालं होतं. म्हणजे गिऱ्हाईक असं, की ज्याचा हात त्या पोलादाला लागलेला आहे. रविवारी त्यांचे जुने सोबती जेवायला येणार, तेव्हा मॉडेल टेबलावर हवं. मी शनिवारी रात्री द्यायचं कबूल केलं होतं.

एम-48 ची खासियत ही की त्याचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, ओतीव आणि हल, म्हणजे खालचं धड, तेही ओतीव, होडीच्या तळासारखी गोलाई असलेली. म्हणजे सपाट पत्रे कापून वेल्ड केलेला रणगाडा नव्हे. त्यामुळे वाळूच्या साच्यातून निघाल्याचा खडबडीतपणा सगळ्या अंगभर दिसायला हवा. मी तो माझ्या नेहमीच्या पद्धतीने दिला होता. गाड्यांच्या दुकानात मिळते ती एनसी पुट्टी थिनरमध्ये पातळ करायची, डुकराच्या केसांचा जुना ब्रश आखूड कापायचा, आणि टोच टोच टोचत जायचं. पावसाळ्यात पुट्टी सुकताना पांढरी पडते, कधी कधी दोन दिवस ओली राहते, म्हणून टेबल-लॅम्प शेकोटीसारखा लावून ठेवला होता. शुक्रवारी दुपारी राखाडी प्रायमर मारला आणि मॉडेल हातात फिरवून पाहिलं. सुरेख. सगळीकडे एकसारखा दाणा. मी खूश.

त्याच दुपारी माझ्याकडच्या पोराचे आजोबा आले. पोरगा मोबाइल घरी विसरला होता, तो द्यायला आबा कुर्ल्याहून लोकलने आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे, पांढरा पायजमा, हातात काळी छत्री. चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांची नजर टेबलावर.

‘हे ओतीव आहे का घडीव?’

मी अभिमानाने सांगितलं, ‘ओतीव, आबा. म्हणजे खरं जे होतं ते ओतीव. हे प्लास्टिक.’

‘हात लावू?’

त्यांनी अंगठा टरेटवरून फिरवला. डोळ्यांनी नाही, अंगठ्यानेच पाहिलं म्हणा ना. मग खाली हलवर. मग पुन्हा वर. चहा आला तरी त्यांनी घेतला नाही.

‘दादा, रागावणार नाही ना? वाळू सगळीकडे सारखी कशी काय?’

मग कळलं. आबा एकतीस वर्षं कुर्ल्याच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. साचे भरणारे. हे मला पोराने कधी सांगितलंच नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘तुम्ही विचारलं नाही.’

पुढचा अर्धा तास मी गाळ्याचा मालक नव्हतो. आबांनी टेबलावरचा खोका उचलला, उलटा ठेवला, आणि त्यावर दुसरा. ‘ही खालची पेटी, ही वरची. दोन्ही वाळूने ठासून भरायच्या, मधे पॅटर्नचा आकार. वितळलेल्या धातूचा रस ओतला की दोन्ही पेट्यांच्या सांध्यातून थोडा बाहेर येतो. पापुद्रा. तो फोडतात, मग ग्राइंडरने घासतात. म्हणजे सांध्याच्या रेषेवर खडबड राहात नाही, तिथे घासलेली पट्टी दिसते. तुमच्यावर पट्टी कुठाय?’

नव्हती.

‘आणि रस थंड होताना आकसतो. त्याला वरून पाजावं लागतं, त्या वरच्या साठ्याला रायझर म्हणतात. काम झालं की तो गॅसने कापायचा, बूड घासायचं. तिथेही वेगळं दिसतं. साच्यात जी बाजू वर असते तिथे गॅस आणि कचरा चढतो, तिथे भोकं असतात. खालची बाजू साफ येते.’ मग त्यांनी टरेट फिरतो त्या कड्यापाशी बोट ठेवलं. ‘हे दुसऱ्या लोखंडावर बसतं ना? मग हे मशीनवर घेतलेलं असणार. इथे वाळू कशाला?’

मी तिथेही टोचलं होतं. अगदी मनापासून.

मला आधी राग आला, हे खरं. मग मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात काढलेले माझेच फोटो लॅपटॉपवर उघडले. तिथे पॅटनही आहेत, मी दोनदा जाऊन आलोय, शेकडो फोटो काढलेत. टरेटच्या कडेला घासल्याचे आडवे सपाट ओरखडे दिसत होते. रंगाखाली झाकलेले, पण होते. इतकी वर्षं मी त्या फोटोंत बोल्ट मोजत होतो, मार्किंग बघत होतो. ओरखडे हे रंगारी लोकांचं काम समजून पुढे गेलो होतो.

आबांनी आणखी एक सांगितलं जे मी ऐकलं नाही. रायझरचं बूड थोडं उंच, ओबडधोबड ठेवा म्हणाले, ‘आमच्याकडे तसंच राहायचं.’ माझ्या फोटोंत तसं काही नव्हतं आणि चिलखताच्या बाबतीत मी अंदाजावर जात नाही. त्यांना तसं सांगितलं. ‘बरोबर आहे. आम्ही पंपाचे भाग ओतायचो, रणगाडा नाही,’ म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

ते गेल्यावर मी आणि पोरगा बसलो. सांध्याची पट्टी आधी पेन्सिलने आखली, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून त्या पट्टीवरची पुट्टी उतरवली. पूर्ण नाही. पूर्ण उतरवली की टेप लावल्यासारखं दिसतं. छोट्या मोटर टूलने हलके आडवे वळसे दिले, ग्राइंडरचे. टरेटच्या कड्याखालचं सगळं साफ केलं. टरेटच्या माथ्यावर सुईने काही मोजकी भोकं. आबांनी ‘वरची बाजू’ म्हटलं होतं, पण ओतताना टरेट कोणत्या बाजूने पडला होता हे मला ठाऊक नाही, म्हणून भोकं अगदी बेताची ठेवली.

मोजमापाचा एक प्रश्न आहे, तो प्रत्येक वेळी पडतो. खरा खडबडीतपणा तीनेक मिलिमीटरचा धरला तर 1:35 मध्ये तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होतो. डोळ्याला दिसणारच नाही, रंगाखाली तर मुळीच नाही. म्हणून थोडं जास्त करावं लागतं. पण किती जास्त, हे हाताला कळतं, पट्टीला नाही. माझा दाणा आधी फार मोठा होता, हे त्या रात्री घासताना कळलं. खऱ्या रणगाड्यावर तो लिंबाएवढा झाला असता.

ओतकामाचे उठावाचे आकडेही लावायचे राहिले होते. त्यासाठी जुनी युक्ती आहे. किटच्या प्लास्टिक फ्रेमवर भागांचे नंबर उठावात असतात, ते नव्या ब्लेडने कापून चिकटवायचे. एक आकडा एक मिलिमीटरचा, चिमट्यात धरला की उडून जातो. पोराने तीन हरवले, मी दोन. पाचवा सकाळी माझ्या शर्टाच्या बाहीवर सापडला.

मग रंग, चिखल, उसाची पानं. चिखलात प्लास्टर, फेविकॉल आणि गाळलेली माती. ऊस तपकिरी कागदाचा. ते सगळं सरावाचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शनिवारी रात्री नऊ वाजता पावसात टॅक्सीने शिवाजी पार्क. मॉडेल थर्माकोलच्या डब्यात, डबा मांडीवर.

कर्नलसाहेबांनी चष्मा बदलला. चिखलाकडे, उसाकडे पाहिलं. मग न विचारता टरेटच्या बाजूवरून बोट फिरवलं. रंग ताजा होता, माझा जीव वर गेला.

‘दुपारी यावर हात ठेवला की भाजायचा,’ म्हणाले. ‘आम्ही फडकं टाकून चढायचो.’ एवढंच. आणि चेक लिहायला आत गेले.

पुढच्या आठवड्यात आबांना फोन केला. कर्नलसाहेबांना आता आपल्या बाजूचा सेंच्युरियन रणगाडा हवा होता, पॅटनच्या शेजारी ठेवायला. रविवारी याल का विचारलं.

‘तो ओतीव आहे का?’

‘टरेट ओतीव. त्याचं छत आणि खालचा सगळा हल पत्र्यांचा, वेल्ड केलेला.’

पलीकडे थोडी शांतता. ‘टरेटपुरता येतो. वेल्डिंगचं मला काय कळत नाही. आमच्या चाळीत एक जण आहे, गोदीत होता वेल्डिंगला. त्याला घेऊन येतो. पण तो फार बोलतो हां, आधीच सांगून ठेवतो.’