दहावा एक

कागदावर एक हा आकडा नऊदा ओळीने लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि आल्या पायऱ्यांनी उतरायचं. एक्सेलमध्ये मात्र करून बघू नका. त्याचा दम पंधरा अंकांतच संपतो आणि शेवटच्या २१च्या जागी तो बेधडक दोन शून्यं ठेवून मोकळा होतो.

फॅमिली ग्रुपवर ही संख्या अधूनमधून 'प्राचीन चमत्कार' म्हणून येते, खाली हात जोडलेले. प्राचीन म्हणा हवं तर. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, गणिती महावीराचार्यांनी तिची धाकटी बहीण १२३४५६५४३२१ 'एकापासून सहापर्यंत, मग क्रमाने उतरती' अशी सांगून ठेवली आहे. चमत्कार कसला पण? शाळेतल्यासारखा गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी होतात, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. काठाच्या घरात एकटा एक, त्याच्या आत दोन, मग तीन, मधोमध नऊ. बेरजेत कुठेही हातचा येत नाही, एवढंच.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ६१७४ या त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येमुळे जगाला ठाऊक झाले. त्यांनी अशा संख्यांना 'डेमलो' म्हटलं, कारण त्यांचा विचार सुचला तो जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, डेमलो स्टेशनवर. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली! तिथल्या फलाटावर आज सकाळी फास्ट लोकलची वाट बघताना गणित सुचायचं सोडा, दाराशी एक पाय टेकवायला मिळाला तरी दिवस सार्थकी लागतो.

या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने संख्येला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९चा वर्ग. नीट बघा, या १२३४५६७९मध्ये आठ नाही.

तो कुठे गेला हे बघायचं तर दहावा एक लिहा. दहा एकांचा वर्ग: १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडून नवापर्यंत सगळं सुरळीत. मधल्या घरात दहा होतात, तिथे शून्य आणि हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो पडतो आठावर, आठाचा नऊ होतो आणि गोंधळ तिथेच शमतो. डावीकडची चढण अशी बिघडते, उजवीकडची उतरण जशीच्या तशी.

एकाला ८१ने भागलं तरी हेच: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ तिथेही नाही, कारण तोच हातचा. दहा एकांचा हा वर्ग कुणी ग्रुपवर पाठवत नाही. मला मात्र नऊवाल्यापेक्षा तोच जास्त आवडतो.