दोन तारखेचा हप्ता, सात तारखेचा पगार

बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात कर्जाच्या सल्ल्याला येणारी जोडपी बहुतेकदा घरातलं भांडण अर्धवट टाकून आलेली असतात. हेही तसंच होतं. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, पगार एक तारखेला, हातात २१,०००. दादा भोसरीच्या कारखान्यात, पगार सात तारखेला. पतसंस्थेची ३,००० ची कपात जाऊन हातात ३८,५००. "यांच्या हातात पैसा टिकतच नाही, मॅडम," हे ताईंचं पहिलं वाक्य. दादा गप्प. व्यसन नाही, जुगार नाही. फक्त खात्यात दिसेल तो पैसा खर्चायचाच, असं धरून चालणारा माणूस.

अशा वेळी 'कशावर उडवले?' हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते. तो आधी विचारला की समोरचा आकडे लपवायला लागतो. आधी विचारायचं ते एवढंच: कोणाचं, किती, किती टक्क्यांनी, हप्ता कोणत्या तारखेला. तेही आठवणीवर सोडायचं नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल मोफत मिळतो, तो काढला. पण पतसंस्थेचं कर्ज त्यात बहुधा दिसत नाही, म्हणून पगाराची स्लिपही हवी. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआय ॲपमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी हवीच. दादांच्या यादीत ओटीटीच्या दोन वर्गण्या आणि सोडून दिलेली जिम निघाली. तिन्ही तिथेच बंद केल्या.

कागदावर आलेलं चित्र असं. घरकर्ज १४,२०,००० बाकी, हप्ता १५,५००. वैयक्तिक कर्ज १,८५,०००, पंधरा टक्के, हप्ता ७,८००. फोनचे पाच हप्ते बाकी, प्रत्येकी २,४५०. क्रेडिट कार्डावर ८२,०००. आणि ताईंना त्या दिवशीच कळलेली दोन ॲपची कर्जं, १२,००० आणि ९,००० ची, मिळून महिन्याला ५,२००. कार्डाची किमान रक्कम ४,१०० धरली तर महिन्याला ३५,०५० बाहेर. उरतात २४,४५०. घरखर्च मुलांच्या फीसकट २६,०००. म्हणजे दर महिन्याला दीड हजाराची तूट, आणि ती भरायला पुन्हा कार्ड किंवा ॲप.

कार्डाचा हिशेब मी दादांनाच करायला लावला. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे २,८७० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५१७, एकूण ३,३८७. भरले ४,१००, मुद्दल घटलं ७१३. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, किराणा घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. दादांनी ७१३ हा आकडा कॅल्क्युलेटरवर दोनदा काढून पाहिला. "मी तर दर महिन्याला वेळेवर भरतोय," म्हणाले. किमान रकमेने उशिराचा दंड टळतो, कर्ज हलत नाही.

पण खरी गळती वेगळीच होती. वैयक्तिक कर्जाचा हप्ता दोन तारखेला, फोनचा तीन तारखेला, दोन्ही दादांच्या खात्यातून. आणि पगार सातला. खात्यात पैसे नसल्याने दर महिन्याला दोन्ही बाउन्स. त्यांची बँक एका बाउन्सचे ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० कापत होती, आणि कर्ज देणाराही तेवढेच लावत होता. दोन हप्त्यांचे मिळून २,३६०. आठ तारखेला दादा दोन्ही हप्ते हाताने भरत, म्हणून घरात कोणाला संशय आला नाही. ताई ज्याला उधळपट्टी समजत होत्या, त्यातला मोठा भाग हा दंड होता.

ते पाहून ताईंनी स्वतःहून सांगितलं की लॅबमधल्या मैत्रिणींच्या भिशीचे ४०,००० त्यांना पुढच्या महिन्यात उचलायचे आहेत. नवऱ्याला माहीत नव्हतं. "अहो, सांगितलं असतं तर ते कधीच संपले असते," एवढंच त्या दादांकडे बघून म्हणाल्या. मी दोघांना थोडा वेळ बोलू दिलं. मध्ये पडायची ती जागा नव्हती.

ताईंचं म्हणणं होतं की सगळे ४०,००० कार्डात टाकावेत. मी नको म्हटलं. हाताशी काहीच नसेल तर पहिल्या आजारपणाला तेच कार्ड पुन्हा निघतं. १५,००० ताईंच्या नावे बाजूला. २१,००० मधून दोन्ही ॲपची कर्जं पूर्ण बंद, कारण त्याने महिन्याचे ५,२०० एका फटक्यात मोकळे होतात. व्याजदराच्या क्रमाने जायचं असतं हे खरं, पण तुटीत चालणाऱ्या घराला आधी महिना मोकळा करावा लागतो. उरलेले ४,००० कार्डात. ॲपचं कर्ज फेडताना ना-हरकत दाखला घ्यायचा आणि ऑटोपेची परवानगी रद्द करायची. नुसते पैसे भरून ॲप काढून टाकलं तर नंतर भांडायला हातात कागद नसतो. त्या ॲपच्या वसुलीवाल्याने ताईंच्या भावाला फोन केला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत करता येतात आणि नातेवाइकांना त्रास देता येत नाही. लेखी तक्रार आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. 'बायकोने भरावं' ही धमकीही पोकळ. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल तर नवऱ्याच्या कर्जाची जबाबदारी बायकोवर येत नाही.

कार्डावरचे ७८,००० बारा हप्त्यांत बदलून मागायचे ठरलं. कार्ड कंपनीचा दर वर्षाला १८ टक्के, म्हणजे हप्ता साधारण ७,१५०, वर व्याजावरचा जीएसटी. ताई बांगड्या गहाण ठेवायला तयार होत्या. सोनेतारण कार्डापेक्षा बरंच स्वस्त, गणित बरोबरच. पण त्यात पुष्कळदा सगळी रक्कम वर्षाच्या शेवटी एकदम भरायची असते, आणि दर महिन्याला थोडं बाजूला ठेवणं हीच तर या घरातली अडचण. म्हणून मासिक हप्ताच बरा.

तारखा अशा लावल्या. घरकर्ज पाच तारखेला ताईंच्या खात्यातून जातंच. फोनचे २,४५० ताई एक तारखेलाच दादांच्या खात्यात टाकणार. वैयक्तिक कर्जाची तारीख दहा करून मिळावी असा अर्ज तिथेच लिहिला. दादांसाठी वेगळं खातं: पगार झाल्यावर आठ तारखेला हप्त्यांची रक्कम आपोआप तिकडे जाणार, त्या खात्याला ना यूपीआय ना डेबिट कार्ड. घरखर्च ताईंकडे. दादांच्या फोनमधलं यूपीआय तिसऱ्या खात्याला, त्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम. महिन्याची एकदम नाही, कारण ती दहा दिवसांत संपते. ताई १,००० म्हणाल्या, दादा २,०००. पेट्रोल, चहा, रिचार्ज लिहून काढल्यावर १,२०० वर दोघं थांबले, तेही घरखर्चाच्या २६,००० मधूनच. या रकमेचा हिशेब ताईंनी विचारायचा नाही, ही अट मी घातली. माणसाच्या हातून सगळाच पैसा काढून घेतला की तो पुन्हा ॲपकडे वळतो.

सगळं मांडून महिन्याला जेमतेम ४०० शिल्लक राहत होते. फोनचे हप्ते संपले की ते २,४५० वैयक्तिक कर्जात जादा भरायचे, मात्र मुदतीआधी फेडण्याचं शुल्क करारात पाहून. एक प्रश्न मात्र सुटला नाही: दादा पतसंस्थेत दोन सहकाऱ्यांना जामीन आहेत. जामीन एकतर्फी काढून घेता येत नाही; संस्थेला मान्य होईल असा दुसरा जामीनदार द्यावा लागतो. त्या दोघांचे हप्ते नियमित आहेत का, हे दादा पतसंस्थेत विचारून येणार आहेत. ताई म्हणाल्या, त्याही सोबत जातील.