पोफळीला बांधलेली तार

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या निम्म्या पोफळी कमरेत मोडल्या. वीज गेली, टॉवर बंद पडले. आम्ही जिवंत आहोत हे पुण्यातल्या बहिणीला पाचव्या दिवशी कळलं, तेही माणगावाकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याने तिथून फोन केला म्हणून. ते पाच दिवस कसे काढले हे ताई अजून धड सांगत नाही. मी हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओ चालवायच्या परवान्याच्या, परीक्षेला बसलो तो त्यामुळेच.

व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं ओळखनाव, मिळाल्यावर आधी हातातला व्हीएचएफ सेट घेतला, ज्याच्या लहरी साधारण सरळ रेषेतच जातात. गावात उत्तम चालतो, पण पुढे सह्याद्री आडवा. पुणं सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, तरी आवाज जाईना. तोडगा निघाला तो ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर. दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधला भाग वाचलेल्या पोफळीला फक्त पाच-सहा मीटर उंचीवर बांधलेला. तार इतकी खाली असली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पडतात. डोंगर मध्ये येतच नाही! पुण्याच्या एका हॅमने माझं कॉलसाइन परत उच्चारलं, तेव्हा माझ्या हातातला माइक थरथरत होता.

रात्री मात्र ७ मेगाहर्ट्झवर हे जमत नाही. वरचा थर विरळ होतो, लहरी आरपार निघून जातात. त्यासाठी ८० मीटर बँडची दुप्पट लांब तार गुंडाळी करून ठेवली आहे.

खरी काळजी बॅटरीची. रिग, म्हणजे मोठा रेडिओ सेट, नुसतं ऐकताना एक अँपिअर घेतो, १०० वॉटवर बोलताना वीसच्या आसपास. म्हणून मी २० वॉटवरच बोलतो. सोलर पॅनल आहे, पण आषाढात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मे संपायच्या आत बॅटरी पूर्ण भरा. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, ते दर महिन्याला पुसा. विजा चमकू लागल्या की अँटेनाची केबल काढून घराबाहेर टाका.

महिन्यातल्या एका रविवारी मी मेन स्विच पाडतो आणि सगळं बॅटरीवर चालवून बघतो. त्या दिवशी आई निरोपाची वही घेऊन शेजारी बसते. पहिल्या पानावर तिने ताईचा नंबर लिहिलाय, आणि खाली निरोप: "सगळे बरे आहोत. घाईने निघू नकोस, घाटात झाडं पडली असतील."