सारंगाची उडी

रिफ्रेशरची बॅच म्हणजे कटकटींची बॅच. दर ५ वर्षांनी एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, सर्टिफिकेट चालू ठेवायला बोटीवरची माणसं नेरूळला येतात आणि पोहण्याच्या तलावापाशी पोचायच्या आधीच "सर, सही देऊन टाका" सुरू करतात. तशा सह्या कुठे मिळतात तेही त्यांना ठाऊक असतं, म्हणून आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचा राग येतो.

त्या बॅचमध्ये दाभोळकडचा एक सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आयुष्य बोटीवर गेलेलं, बोलणं कमी. इमर्शन सूट, म्हणजे थंड पाण्यात जीव वाचवणारा अंगभर पोशाख, २ मिनिटांत, कुणाच्या मदतीशिवाय चढवायचा असतो. नवी पोरं मे महिन्यात त्या जाड निओप्रीनमध्ये नुसती झटापट करतात. चाचांनी सूट जमिनीवर पसरला, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या म्हणजे पाय अडकत नाहीत, एक हात, मग डोक्यावरची टोपी, मग दुसरा हात. चेन लावली, उकिडवे बसून आतली हवा काढली. एवढं मी अजून शिकवलंही नव्हतं.

उलटा पडलेला राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा हवेने फुगणारा तराफा, सरळ करायची वेळ आली. पाण्यातूनच त्यांनी विचारलं, "वारा कुठून धरायचा, सर?" राफ्टच्या गॅस सिलिंडरची बाजू वाऱ्याच्या आडोशाला ठेवली की पलीकडून येणारा वारा राफ्ट उचलायला मदत करतो. तलावात वाराच नसतो, त्यामुळे हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. राफ्ट अंगावर आला तसे ते उताणे होऊन शांतपणे बाहेर आले.

आणि उंचावरून पाण्यात उडी मारायला प्लॅटफॉर्मवर चढले ते तिथेच थांबले. नाक धरलेलं, दुसरा हात लाइफजॅकेटवर, सगळं बरोबर. मग शिडीने खाली आले.

"हे नको, सर."

"चाचा, पाण्याची भीती वाटते का?"

"पाण्याची नाही."

पुढे काही नाही. एक पोरगा फिदीफिदी हसला, त्याला मी बाहेर काढलं. राफ्टमधली कामं बोटीवरच्या ड्रिलमध्ये केलेली धरता येतात, उडी मात्र किनाऱ्यावरच करून दाखवावी लागते. मी सही केली नाही.

संध्याकाळी क्रूइंगवाल्याचा, म्हणजे बोटींना माणसं पुरवणाऱ्या एजंटचा, फोन. चाचांचं बोटीवरचं जॉइनिंग जवळ आलंय, एका उडीसाठी काय अडवता? त्याला उडी म्हणजे फॉर्मवरची टिकमार्क. पण त्याच फॉर्मवर, राफ्टला बोटीशी बांधणारा दोर कापायचा विसरलेला पोरगा मीच सांगून करून घेतलं म्हणून पास आहे. हे मात्र मला त्याला सांगता आलं नाही.

पुढच्या बॅचला चाचांचं नाव घेतलंय. आधी काठावरून, मग मधल्या पायरीवरून, असं करून बघणार आहे. येतील का, ते अजून कळवलेलं नाही.